विरजण

नर्मदा ओलांडताना बैल बुजले.
तांदळाचं पोतं गेलं, जात्याची तळी फुटली;
मथूने मांडीवरचं गाडगं तेवढं
हलू दिलं नाही.
मुक्कामाला दूध मागायचं,
कालचं चमचाभर त्यात सोडायचं.
असे एकेचाळीस मुक्काम,
अकोळनेर ते ग्वाल्हेर.

इथे गाव नव्हतंच, तळ होता.
किल्ल्याखाली तंबू, तंबूत नवरा, नवऱ्याला ताप.
"होळीनंतर कूच," तो म्हणायचा,
म्हणून चूल तीन दगडांची,
तुळस फुटक्या घागरीत.

पौषात विरजण लागेना.
सकाळी नुसतं गार, निळसर दूध.
पलीकडची रामकली हसली.
बोली कळली नाही, हात कळले:
गाडगं भुशात पुरायचं, वर घोंगडी.

होळी झाली. तळ हलला नाही.
नवऱ्याला चौघांनी नेलं.
तंबू सरकारजमा झाला,
मेखा जमिनीतच राहिल्या.
एकीला तिने गाय बांधली.

"आई, दही जमलं!"
सहा वर्षांची बकुळा ओरडली.
"जमलं नव्हे गं, लागलं म्हणावं,"
मथूने बोट बुडवून चाखलं.
आंबटपणा अकोळनेरचाच;
वास मात्र भुशाचा.

वाटीभर बाजूला काढलं.
रामकलीच्या सुनेने
काल विरजण मागितलं होतं.