दोन बोटं मिटून

बोटीतून उतरण्याआधी मास्कच्या काचेत थुंकायचं.
हे सांगितलं की वर्गातला शहाणासुरता मुलगासुद्धा खुलतो.
बाईंसमोर थुंकायची परवानगी
अख्ख्या पेंबा बेटावर दुसरं कोण देणार?

आज बारा जण. निम्म्यांचे बाप याच समुद्रावर पोट भरतात,
निम्म्यांना पोहता येत नाही.
झुवेना दोन्हींत मोडते.
रुमाल हनुवटीखाली घट्ट आवळून
शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिली,
पाय पाण्यात, मन काठावर.

"मासे मला माहीत आहेत," ती म्हणाली.
"चांगू किलोला किती, पोनो किती,
शिळा कसा ओळखायचा, डोळ्यावरून.
आणखी काय बघायचं?"
मी वाद घातला नाही. रबरी कडं पुढे केलं.

तोंड पाण्यात गेलं की माणसाला आपलाच श्वास ऐकू येतो.
आधी भात्यासारखा,
मग हळूहळू झोपेतल्यासारखा.
तिचा मला नळीतून ऐकू येत होता
आणि एकदम थांबला.

खाली पोनो. निळा-हिरवा, दातांनी प्रवाळ खरवडत,
करकर, करकर.
बाजारात त्याला आवाज नसतो.
वळला, डोळा फिरवून त्याने तिच्याकडे पाहिलं.
ताजा नाही, शिळा नाही,
नुसता बघणारा डोळा.

पाण्यात बोलता येत नाही, म्हणून खुणा.
मूठ म्हणजे थांबा.
हात उघडून वर धरला की: सगळं ठीक.
माझा हात उघडला तरी तीनच बोटांचा.
करंगळी आणि तिची शेजारीण
एकोणीस वर्षांपूर्वी गेल्या, त्या पलीकडच्या खडकाजवळ.
वात पेटवलेली सुरुंगाची कांडी
हातात जरा जास्त वेळ राहिली.
पाण्याबाहेर उभं राहून माशांशी वैर!
पांढरी पोटं वर करून किती तरंगले,
ते कुणी मोजलं नाही.
सगळ्यांनी बोटं मोजली.

मुलं विचारतात, शार्क होता का?
मी हो म्हणत आलोय.

दुपारी ओहोटी लागता लागता
मी हात वर केला: सगळं ठीक?
बारा हात वर आले.
प्रत्येकाने करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट
नीट दुमडून तळव्याशी दाबलेलं.
कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना वाटलं, खूणच तशी.
चूक सुधारायला हवी होती.
मी बराच वेळ हात खालीच घेतला नाही.

परतताना झुवेना माझ्या शेजारी, ओठ खारट, केस ओले.
"आज घरी पोनोच असेल," ती म्हणाली.
"मग खा," मी म्हणालो. "काटे सांभाळून."
थोडा वेळ ती माझ्या हाताकडे बघत बसली.
"शार्कच होता ना?"

"नाही," मी म्हणालो.
इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही.
कान जवळ आणून ती पुन्हा, "काय?"

मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने.