पाणी, बत्तीस घरं रुंद

अप्पा बळवंत चौकात, गाईडांच्या दुकानावर,
लोखंडी जिना चढून गेलं की क्लास.
सव्वीस जण, नऊ कॉम्प्युटर
आणि मोबाइल एकच, कुंभोजकर सरांचा,
तोही मिनिटामिनिटाला पैसे खाणारा.

सर म्हणाले, या भाषेत पान नसतं. पत्ता असतो.
पत्त्यांची गड्डी. एका वेळी दिसतो एकच.
आणि उघडलेली प्रत्येक खूण बंद करायची,
एक तिरपी रेघ राहिली
तर फोन ब्र काढणार नाही.

बाबांनी माझी वही चाळली.
"चार हजार भरून पत्ते कुटायला शिकतेस?"
मी म्हटलं, हो.

आमचा प्रोजेक्ट: नळाला पाणी कधी, पेठेवार.
नझनीन वेळा गोळा करायची, मी खुणा मिटायचे.
सोमवार, साडेपाच ते आठ. नाना, संध्याकाळी, कमी दाबाने.
सगळं मराठीत लिहिलं
आणि सरांच्या फोनवर उमटले
चौकोन. ओळीने, रिकामे,
सगळ्या पेठांनी दारं लावून घेतल्यासारखे.

इंग्रजी अक्षरांत लिहा, सर म्हणाले, सगळे तेच करतात.

नझनीनने आलेखाचा कागद काढला.
बत्तीस घरं रुंद, सोळा उंच,
घर काळं नाहीतर पांढरं, मधलं काही नाही.
पा सरळ उतरला.
णीची वेलांटी तीनदा खोडली,
तिला वळायला जागाच नव्हती,
शेवटी पायरी पायरीने वळली.

पण चित्रालाही जागा लागते, आणि गड्डीत मावतात
चौदाशे बाइट. वर एक नाही.
दोन पेठा काढायला हव्यात. कुठल्या?
तिने गंज काढली. मी शुक्रवार.
तिथे आम्ही राहायचो.
आपल्या नळाची वेळ काय वाचायची,
झोपेत हंडा लावतो आपण.

तिसऱ्या खेपेला फोन लागला. सरांची नजर घड्याळावर.
हिरवट उजेडात आधी नुसती रेघ, मग
पाणी.
मागून कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं!"
मोरीतून ओरडतात तसंच.

वर्षभरात ती भाषा कुणी विचारेना.
सरांनी टॅली शिकवायला घेतलं,
नझनीन लग्न होऊन सोलापूरला गेली.

कागद माझ्याकडे आहे.
वेलांटीतलं एक घर रबराने झिजून
भोक पडलंय.
ते काळं ठरलं होतं की पांढरं,
आता आठवत नाही.