कंट्रोल ग्रुप

साठ मागवाले, साठ बिनमागाचे.
एवढंच हवं होतं थिसिसला.

मागवाले मिळाले.
साखर पेठेतून, दत्त नगरातून, अक्कलकोट रोडच्या शेडांतून
पाळी संपवून आले, भुवयांवर कापसाचं भुसकट घेऊन,
आणि ओपीडीच्या बाकावर
आवाज न काढता गप्पा मारू लागले.
दोन बोटं कात्रीसारखी: धागा तुटला.
अंगठा ओठाशी: चहा.
हनुवटी जराशी वर: मालक आला.
ही शेवटची खूण मला बघून झाली.

पहिला नरसय्या वडनाल. एकतीस वर्षं चादरीवर.
संमतीपत्र तेलुगूत वाचून दाखवलं:
तुमचं नाव कुठंही येणार नाही, फक्त नंबर.
म्हणाला, तिकडं पण नंबरच आहे की. पाच-सहाचा माणूस.

काचेच्या अलीकडं मी,
पलीकडं तो, कानांवर हेडफोन.
चार हजार हर्ट्झ. चाळीस डेसिबल. बोट वर.
तीस. बोट वर.
वीस. बोट वर.
एकतीस वर्षं मागावर आणि कान शाळकरी पोराचे!
मी गाईडना फोन लावणारच होते.
मुनीरभाई टेक्निशियन चष्मा पुसत म्हणाले,
मॅडम, खुर्ची फिरवा त्याची.

पाठमोरा नरसय्या.
पन्नास, काही नाही. साठ, काही नाही.
सत्तरला बोट अर्धवट उठलं, परत मांडीवर गेलं.

बटण दाबताना माझा उजवा खांदा इवलासा हलतो.
तो खांदा ऐकत होता.

का हो, विचारलं.
माझे ओठ वाचून म्हणाला,
कमी ऐकू येतं म्हणून कागद झाला
तर कांड्या मोजायला बसवतील. अर्ध्या पगारात.

फॉर्मवर मी एक ओळ वाढवली:
खुर्ची भिंतीकडं.

खरी अडचण बिनमागाच्या साठांची.
बँकेतला कारकून आणला, तर त्याच्या खोलीखाली बारा माग.
शेंगाचटणीवाला आणला, त्याचं कांडप यंत्र.
गड्ड्याच्या जत्रेतला, मौत के कुएँमध्ये मोटारसायकल फिरवणारा
स्वतःहून आला. चहा पाजून परत पाठवला.
एकेक करत एकोणसाठ जमले. सबमिशनला नऊ दिवस.
म्हटलं, मीच बसते.
वय अठ्ठावीस. व्यवसाय डॉक्टर.
मोठ्या आवाजाशी संबंध: नाही.
हे 'नाही' माझ्याच अक्षरात आहे.

मुनीरभाईंनी खुर्ची आधीच वळवून ठेवली होती.

कागद बाहेर आला.
उजव्या कानाचे तांबडे गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या,
सरळ चालता चालता
चार हजारावर दोघंही एकदम खड्ड्यात.
मुनीरभाई काहीतरी बोलले असतील.
मी कागदाकडं बघत होते.

अशोक चौकामागचं घर. खाली चार माग, वर आम्ही.
माझी झोळी मागाच्याच खांबाला.
हादऱ्यानं लगेच झोपायचीस, अम्मा सांगते.
तिनं मला हाक कधी मारली नाही, रिकामी कांडी भिरकावायची.
मी मान वळवायचे आणि 'जेवायला ये'
तिच्या ओठांवर वाचायचे,
बाराखडीच्या कितीतरी आधी.
करोनात सगळ्यांनी मास्क लावले
आणि मला कुणाचंच बोलणं लागेना,
तेव्हा वाटलं, ड्यूटीनं दमलेय.

गाईड म्हणाले, तुला वगळावं लागेल.
मग खिडकीकडं तोंड करून
हळू आवाजात आणखी काही म्हणाले.
मी 'हो सर' म्हटलं.

तर सध्या एकोणसाठ.
एक माणूस हवाय. बाई किंवा पुरुष, वीस ते पन्नास,
शांत घरात वाढलेला.
असं घर कुणाच्या माहितीत असेल तर कळवा.
बुधवार, शनिवार, दुपारी दोननंतर.
मागून हाक मारू नका,
समोर येऊन सांगा.