कुत्र्याची दुसरी बाजू

जिंतूरला बसस्टँडामागं एक पाटी आहे :
'अजगर मोटार वायंडिंग'.
पेंटरनं अस्गरचा अजगर केला त्याला बावीस वर्षं झाली,
मिस्त्रीनं दुरुस्त करून घेतली नाही.
म्हणतो, माणसं पाटी वाचून हसतात,
हसली की आत येतात.

आम्ही गेलो ते हसायच्या बेतात नव्हतो.
टमटममध्ये पोत्यात गुंडाळलेलं मशीन,
त्याचा पाय अप्पांच्या मांडीवर,
आजारी करडू न्यावं तसा.
आठ घोड्यांचं. तहसीलच्या लिलावातलं.
पुरासाठी आणलेलं म्हणे, आणि पूर
त्या गोदामापर्यंत कधी आलाच नाही.

मिस्त्रीनं खालचा स्क्रू काढला.
यायला हवं होतं काळं तेल,
आला दुधाचा चहा.
"पाणी शिरलंय. कशाला धडकलं?"
अप्पा बोलेनात.
मीच सांगितलं :
वैशाखात येलदरीचं पाणी उतरलं,
जाळी काढून परतताना पंखा
जुन्या गावच्या आडाच्या काठाला लागला.
आड अप्पांच्याच चुलत्याचा.
जागा त्यांना माहीत होती,
पण पायवाटेनं. पाण्यावरनं नाही.

"इथं पितळेची पिन असते," मिस्त्रीनं बोट ठेवलं,
"ती तुटण्यासाठीच असते.
ती तुटते, बाकीचं वाचतं.
तुम्ही काय घातलंत?"
खिळा. छपराच्या खिळ्याचा तुकडा.
तो वाकलासुद्धा नाही,
मार सगळा आत गेला.

रॉकेलच्या ताटलीत एकेक दात उजेडात आला.
बॅटरी मी धरली होती.
पिनियन शाबूत. पुढचा गियर खरचटलेला, चालण्यासारखा.
मधे बोटभर लोखंड, दोन्हीकडून दातेरी.
"याचं नाव डॉग. म्हंजी कुत्रं.
पुढच्या गियरला चावलं की बोट पुढं,
मागच्याला चावलं की मागं.
बघ पोरी, म्हातारं झालंय.
धरायलंय अन् सोडायलंय."

म्हणजे तो आवाज ह्याचा होता!
भरली बोट, ऐन वारा, आणि कटाक, कटाक,
मशीन नुसतंच ओरडतंय
आणि काठ आहे तिथंच.

नवं मिळतं का म्हणून हैदराबादला फोन लावला.
पलीकडचा माणूस मॉडेल ऐकून हसला,
पाटी न वाचता.

अप्पा टायरवर बसून गुडघा चोळत राहिले.
मिस्त्रीनं कुत्रं चिंधीनं पुसलं,
ठेवून द्यायच्या आधी सहज उलटं केलं,
थांबला. "बॅटरी जवळ घे."
मागच्या बाजूचे दात कोरे,
धार अजून कारखान्याची.
"अप्पा, रिव्हर्स कधी टाकलाच नाही?"
"कामून टाकू? काठाला लावायला वल्हं हाय.
मागं काय हाय?"

मग त्यानं ते फिरवून बसवलं,
मागचं तोंड पुढं.
सील सबमर्सिबलचं, घासून मापात आणलेलं.
पॅकिंगला जाड कागद पाहिजे होता,
अप्पांनी खिशातनं लग्नपत्रिका दिली,
पाहुण्यातलीच, लग्न होऊन गेलेलं.
गणपती बाजूला काढून
मिस्त्रीनं बाकीच्यावर कात्री चालवली.

पिंपात पाय बुडवून दोरी ओढली,
सातव्या ओढीला पेटलं.
गियर पडला तसं अर्धं पिंप
मिस्त्रीच्या पायजम्यावर.
साडेचारशे रुपये आणि एक मरळ, रविवारी.
पितळेच्या चार पिना पुडीत बांधून दिल्या.
"खिळा दिसला तर माझ्याकडं यायचं नाही."

आता मशीन मी चालवते, अप्पा जाळी विणतात.
आडाच्या जागी रिकामा कॅन बांधून ठेवलाय,
दिसला की मशीन वर उचलायचं,
वल्ह्यानं ओलांडायचं.
रिव्हर्स एकदाच टाकून बघितला :
कटाक.
तेवढं ऐकून सोडून दिला.

पुडी कनवटीला असते.
पोळ्याच्या सुमाराला एकदा पंखा कशाला तरी लागला,
बोट थांबली, मशीन मोकळं फिरत राहिलं,
मी बंद केलं, बाहीनं हात पुसले.
चारांतल्या तीन उरल्यात.