चुन्याचं बोट

सावद्याच्या बागेत सायबू तडवी पुढे चालायचा,
कापणीवाले मागे.
त्याच्याकडे विळा नसायचा. चुन्याचा डबा माझ्या हातात,
डालड्याचा, कडी तुटलेला.
घडाच्या दांड्यावर एक बोट
आणि पुढची केळ.
ट्रक भरायचा तेव्हा तो कुठल्या बांधावर
विडी ओढत असायचा, कुणाला ठाऊक.

आता यीस्टच्या पेशीत मी असाच एक माणूस शोधते.
माणूस कसला, एन्झाइम. पण सवय तीच:
प्रथिनाला हात लावायचा,
फॉस्फेटचा ठिपका ठेवायचा, निघून जायचं.
मागाहून पेशी मानेशी आवळते,
एकीच्या दोन होतात.

हात कुणाकुणाला लागला, एवढंच मला हवंय.
पण बागेत असे हात शंभरावर
आणि चुना सगळ्यांचा पांढराच.

म्हणून त्याचा तळवा मी कोरून मोठा केला,
एकच अमिनो आम्ल, थोरल्याच्या जागी धाकटं,
आणि दुसऱ्या कुणाच्या मुठीत मावणार नाही
असा गंधकाचा खडा त्याच्याच हाती दिला.
ठेव आता बोट.

जळगावात मे. पारा सेहेचाळीस.
वीज गेली की फ्रिझरवर गोधडी टाकते.
प्रथिनांचे तुकडे तोलणारा काटा पुण्यात,
म्हणून मांडीवर थर्माकोलचा डबा, रात्रीची गाडी.
शेजारची बाई नाक दाबून म्हणाली,
"मासे का व?"

यादी काल आली. एक्केचाळीस.
निम्मी ओळखीची, काही नुसतीच चिकटून आलेली,
आणि एक, जिला नाव नाही, नंबर आहे,
तीन जागी ऐंशी-ऐंशीने जड.

तीन बोटं.
वहीत मी जाड बाण काढला: हिच्यामुळेच पेशी दुभंगते.
मग काय वाटलं, सावद्याला फोन लावला.
सायबू खोकत राहिला बराच वेळ.
"तीन बोटं? तो घड राहू द्याचा, माय.
कच्चा. त्याले हात नई लावाचा."
"आणि एक बोट?"
"तो कापाचा. तूच त धरे डबा,
इसरली?"

बाण खोडला आहे.
त्याच्या जागी काय काढायचं
ते ती तीन ठिकाणं एकेक पुसून पाहिल्यावर.
यीस्ट उद्या सकाळी वाढलेलं असेल,
वीज राहिली तर.