सैल दोरी

एफी म्हणाली, दोरी सैल सोड.
तुझ्या मुठीतली भीती
थेट त्याच्या गळ्यापर्यंत जाते.

तारेला अडकलेली लोकर. पलीकडे सत्तर मेंढ्या,
गाभण.
ब्रोडीचं अख्खं अंग म्हणजे एक ताणलेला कान.

खिशात चीजचा तुकडा.
तो वळून बघेल तेव्हाच द्यायचा, आधी नाही.
तो बघत नाही.
कालही बघितलं नव्हतं.

मागच्या वसंतात एफीने दोन मेंढ्या पुरल्या.
कुणाचा कुत्रा, ती बोलत नाही.
मीही विचारत नाही.

लुईस बेटावरचा वारा फिरला.
एका म्हातारीने खूर आपटला.
ब्रोडी थरथरला, मग
ही एवढी जांभई दिली
आणि माझ्याकडे बघितलं.

चीज पाघळलं होतं.
त्याने बोटंही चाटून घेतली.
दोरी गवतात पडलेली,
कधी सुटली कुणास ठाऊक.