तीन सेकंद

रस्ता झाला तेव्हा आम्हीच नाचलो होतो.
लाल धूळ गेली, शाळेच्या कपाटातली पुस्तकं
पहिल्यांदा आपापल्या रंगात दिसली.
मग उत्तरेकडून तांब्याचे ट्रक आले
आणि कळलं, इतकी वर्षं त्यांना
धुळीनंच धरून ठेवलं होतं.

मी गणित शिकवते. लुसाकापासून दोन तासांवर.
त्या सोमवारी फळ्यावर काही लिहिलंच नाही.
चौथीला बाहेर काढलं, हातात घड्याळ दिलं,
माझ्या नवऱ्याचं, काच तडकलेलं.
म्हटलं, वळणावरच्या आंब्यापासून
बा-म्वियाच्या टोमॅटोच्या टपरीपर्यंत
ट्रकला किती वेळ लागतो, मोजा.

आठ सेकंद. पुन्हा आठ.
एकदा सात, तेव्हा लुबिंदाची टोपी उडाली.

आता स्वतःला मोजा.
मागच्या पटांगणात तेवढाच रस्ता आखला काठीनं.
मोठी पोरं सहा सेकंदांत पार, वर फुशारकी.
पहिलीतली नामासिकू,
पाठीवर दप्तर, हाताला धाकटा भाऊ:
अकरा.

अकरा वजा आठ.
एकही हात वर झाला नाही.
एवढी सोपी वजाबाकी, आणि वर्ग असा गप्प
जसा हजेरीत एकोणिसाव्या नावापाशी होतो.
(ते नाव मी खोडलेलं नाही.)

उत्तर कौन्सिलला पाठवलं.
त्यांनी विचारलं, कुठल्या फॉर्मवर.
फॉर्म भरला. साहेब बदलले.
मग निवडणूक आली, पोस्टर लागले
नेमके त्याच आंब्याला.

शेवटी विचारलं आम्ही ज्याला कुणीच विचारत नाही त्याला.
कासोंगो, लुबुम्बाशीचा ड्रायव्हर,
टोमॅटो घ्यायला उतरला होता.
मुलांनी त्याच्या हातात घड्याळ ठेवलं.
तो बराच वेळ नुसता आकड्यांकडे बघत राहिला.
मग म्हणाला, टीचर, तुमचं पोर मला दिसतं तेव्हा
माझा पाय ब्रेकवर असतोच.
पण मागचे तीस टन माझं ऐकत नाहीत.
मला इथे अडवू नका.
मला आंब्याच्या आधी अडवा.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर
बायकांनी खडी वाहिली, पुरुषांनी डांबर उकळलं,
ते कुठून आणलं ते मी विचारलं नाही.
आंब्याच्या अलीकडे एक गतिरोधक,
पुढे चाळीस पावलांवर आणखी एक, जरा वाकडा.
कडेला चुन्यानं आखलेली हातभर पट्टी,
सायकलींसाठी.
मुसोंडा आता तिच्यावरून येतो,
बापाची उंच सायकल, कैची मारत,
सात किलोमीटर, पाठीवर बहीण.
चुना आठवड्यात पुसतो.
दर शुक्रवारी शेवटच्या तासाला चौथी तो पुन्हा आखते.
अभ्यासक्रमात हे नाही. भूमिती म्हणून लिहिते मी.

परवा पुन्हा मोजलं.
आंब्यापासून टपरीपर्यंत: सतरा.
सतरा वजा अकरा, सगळे हात वर.

आणि ते सहा सेकंद नामासिकू काय करते?
उधळते.
रस्त्याच्या मधोमध थांबते,
भावाला डांबरावरचा हिरवा भुंगा दाखवते,
पायानं नाही, बोटानं त्याला वळवते.
मी दारातून ओरडते, अगं चल!
पलीकडे ट्रक गुरगुरत गतिरोधक चढतोय.
ती मान वर करून त्याच्याकडे बघते,
मग पुन्हा भुंग्याकडे.

शिल्लक तिची आहे.
मी तरी ओरडतेच.